तायडे काकांच्या एकवीस वह्या

"थांब बे, हालू नको! सावली पडून राहिली तुई."

तायडे काका माझ्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य. रविवार होता, मी गाडी काढायला खाली आलो होतो, आणि आमच्या अपार्टमेंटच्या मागच्या जुन्या विहिरीत एक माणूस कमरेपर्यंत वाकलेला. शर्ट व्यवस्थित इन केलेला, चपला बाजूला काढून ठेवलेल्या. मला वाटलं पडतोय हा, म्हणून धावलो, तर मलाच दम! त्यांच्या हातात लोखंडी टेप होता आणि टेपच्या खालच्या टोकाला खडू घासलेला. टेप पाण्यात बुडेपर्यंत सोडला, थोडं थांबले, मग सरसर वर ओढला. खडू जिथपर्यंत ओला झाला होता तिथे नख टेकवलं, मनातल्या मनात वजाबाकी केली आणि ओरडले, "सात मीटर बावन्न!" कोणाला सांगत होते काय माहीत, तिथे मी एकटाच होतो. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आयकलं का? बावन्न. पन्नास नाई."

मी तेव्हा अमरावतीतच इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो. काका म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरच्या सुजाताताईंचे वडील. काकू गेल्यावर ते अकोल्याच्या घरात एकटेच राहायचे आणि ताई त्यांना अधूनमधून इकडे घेऊन यायची. रिटायर्ड होते. नोकरी काय होती, तर विहिरींचं पाणी मोजणं! अशी नोकरी असते हेच मला माहीत नव्हतं. गावोगावच्या ठरलेल्या विहिरींवर जायचं, वर्षातून चार वेळा, टेप सोडायचा, पाणी किती खोल गेलंय ते लिहायचं. आधी सायकलवर, मग एसटीनं, मग लुनावर. एकदा मी कोणाला तरी त्यांची ओळख करून देताना म्हटलं, काकांनी तीस-बत्तीस वर्षं हेच काम केलं. काका मधेच, "एकतीस. तीस-बत्तीस कोनती संख्या हाये?"

अंदाज हा शब्द त्यांना शिवीसारखा लागायचा. आईनं जेवायला बोलावलं आणि विचारलं, "दोन-तीन पोळ्या वाढू का?" तर म्हणाले, "वहिनी, दोन का तीन ते सांगा, मंग हो म्हनतो." आई हसून हसून बेजार. मला टेपला खडू कसा लावायचा ते त्यांनीच शिकवलं. मी एकदा कंटाळून "साडेसात असेल काका, लिहून टाका" म्हटलं, तेव्हा मात्र हसले नाहीत. म्हणाले, "मोजलं नाई तं लिवू नको. वही कोरी राह्यली तं चालते. खोटी झाली तं मंग पुरीच खोटी."

आता वह्यांचं सांगतो, कारण सगळं तिथेच आहे.

अकोला आणि अमरावतीच्या मधे, पूर्णा नदीच्या दोन्ही बाजूंना, खारपाणपट्टा आहे. तिथं जमिनीखालचं पाणीच खारट. विहिरीला पाणी लागलं म्हणून लोक नाचतात, तोंडात घेतात आणि थुंकतात. पण त्यातच मधेमधे एखादी विहीर गोड निघते, का निघते ते देवालाच माहीत. (काका म्हणायचे, "देवाले नाई, मातीले माहीत हाये.") सरकारी यादीत एका गावातली एखादीच विहीर असायची, तिचं माप सरकारी रजिस्टरमध्ये जायचं. काका तेवढं करून परत यायचे नाहीत. गावात गेलोच आहोत तर वस्तीतली पण पाहू, वावरातली पण पाहू, असं करत ते यादीत नसलेल्या विहिरींतही टेप सोडायचे. मग ओंजळभर पाणी तोंडात घेऊन चव बघायचे. गोड, मचूळ, खारं, तीनच शब्द. तारीख, खोली, चव. हे सगळं त्यांच्या स्वतःच्या वह्यांत. लांबट, लाल पुठ्ठ्याच्या, एकवीस वह्या. रिटायर झाल्यावरही गुडघे चालत होते तोवर ते हिंडले. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी मागितलं नव्हतं.

"कोनाच्याच यादीत नाईत त्या इहिरी," ते म्हणायचे. "म्हून माया यादीत हायेत."

आणि नेमका तेव्हाच मला एक वेड लागलं होतं. माझे मित्र अजून सांगतात की त्या दिवसांत माझ्याशी दुसऱ्या कशावर बोलताच यायचं नाही. ब्लॉकचेनवरची विकेंद्रित साठवण! म्हणजे असं बघा, आपला फोटो आपण कुठे ठेवतो? कुठल्यातरी कंपनीच्या कॉम्प्युटरवर. कंपनीनं दुकान बंद केलं की फोटो गेला. यात तसं नाही. फाईलचे तुकडे होतात, ते तुकडे जगभरच्या शेकडो कॉम्प्युटरवर पसरतात, आणि कुठली फाईल कधी ठेवली याची नोंद अशा खतावणीत होते जी कोणा एकाच्या हातात नसते. काही कॉम्प्युटर बंद पडले तरी उरलेल्या तुकड्यांवरून फाईल पुन्हा जोडता येते. मी पहिल्यांदा एक साधा फोटो टाकला, बदल्यात अक्षरा-आकड्यांचा एक लांबलचक क्रमांक मिळाला, तो क्रमांक दुसऱ्या कॉम्प्युटरवर टाकला आणि फोटो परत आला, तेव्हा मी खोलीत उड्या मारल्या होत्या.

हे सगळं मी शिकत होतो टेस्टनेटवर. टेस्टनेट म्हणजे सरावाचं जाळं. खरं जाळं वापरायला खरी नाणी लागतात. सरावाच्या जाळ्यावर ती फुकट मिळतात, एका पानावर जाऊन बटण दाबायचं की खात्यात जमा. त्या पानाला नळ म्हणतात. मी काकांना हे मोठ्या उत्साहानं सांगत होतो, आमच्या विहिरीच्या कठड्यावर बसून.

"नळ?" काका म्हणाले. "अन् त्यात पानी कुठचं?"

"पाणी खोटंच काका. सरावापुरतं."

"अन् वस्तू?"

"वस्तू खरी. तुम्ही टाकाल ती."

काका बराच वेळ टेप पुसत राहिले. मग म्हणाले, "खोट्या नान्यावर ठेवलेली खरी वस्तू राह्यते का रे?"

मी हसलो. "तुम्ही ना काका, उगाच घाबरता!"

हा प्रश्न मला मोठमोठ्या लोकांनी विचारला नाही. ज्यांना मी नंतर हे दाखवलं त्या सरांनी नाही, मित्रांनी नाही. सातवीनंतर शाळा सोडून रात्रशाळेत मॅट्रिक झालेल्या माणसानं पहिल्याच दिवशी विचारला. आणि मी हसलो.

उन्हाळ्यात अकोल्याचं घर विकायचं ठरलं. काकांना आता कायमचं अमरावतीला आणायचं होतं. ताईच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये पोरांची पुस्तकंच मावत नव्हती, आणि वह्यांच्या पेटीत वाळवी शिरली होती. ताई कंटाळून म्हणाली, "बाबा, ते सगळं तिथंच राहू द्या आता." तेव्हा मीच पुढे झालो. मीच! "काका, मी सगळ्या वह्या ब्लॉकचेनवर टाकतो. कोणी पुसू शकत नाही, वाळवी लागू शकत नाही."

आम्ही दोघं पॅसेंजरनं अकोल्याला गेलो. दोन दिवस. अकोल्याचा मे महिना, पंख्याखाली बसलं तरी वाफ अंगावर यायची. काका पानं उलटायचे, मी फोनवर फोटो काढायचो. टिक, टिक, टिक. ते मधेच थांबून वाचून दाखवायला लागायचे, "हे पाह्य, इथली बुढी मले म्हने, मोज बाप्पा, पन उरलं तं उरलं म्हून सांगजो, नाई उरलं तं सांगू नको." मी म्हणायचो, "हो काका, पुढचं पान." फोनमधली जागा भरली की लॅपटॉपवर घ्यायचे, लॅपटॉपवरून जाळ्यावर चढवायचे, क्रमांक मिळाला की फोटो पुसायचे, पुन्हा सुरू. माझा लॅपटॉप जुना होता, त्यातही जागा नव्हती. मी इतका वेगात होतो की मला स्वतःचा अभिमान वाटत होता.

जाळ्याच्या त्या पानावर वर एक पिवळी पट्टी होती. त्यात लिहिलं होतं की हे सरावाचं जाळं आहे, इथलं सगळं पूर्वसूचना न देता पुसलं जाऊ शकतं, महत्त्वाचं काही ठेवू नका. मला दिसली नाही असं मी पुढे एकदोघांना सांगितलं. मला दिसली होती. मी ती रोज बघायचो. तुम्ही सिगारेटच्या पाकिटावरचं चित्र बघता तशी. मनात म्हणायचो, नंतर खऱ्या जाळ्यावर हलवू, आता काम तर होऊ दे.

शेवटची वही झाल्यावर मी एक छान पान बनवून काकांना फोनवर दाखवलं. गावाच्या नावावर बोट ठेवलं की त्यांच्याच अक्षरातली पानं उघडायची. काकांनी चष्मा काढला, पुन्हा लावला.

"किती दिवस राहीन हे?"

"कायमचं."

"कायमचं म्हंजे किती?"

"काका, कायमचं म्हणजे कायमचं!"

पन्नास आणि बावन्नमध्ये फरक करणारा माणूस. त्यानं मला आकडा मागितला होता आणि मी त्याला कायमचं असं सांगितलं.

दुपारी गल्लीत रद्दीवाला आला. काकांनी पेटी उचलली नाही, माझ्याकडे पाहिलं. "ठेवू का देऊ?" ताई अमरावतीहून फोनवर घाई करत होती, घर घेणारे लोक संध्याकाळी किल्ली घ्यायला येणार होते. मी म्हणालो, "द्या हो काका. आता ते नुसते कागद आहेत." हे शब्द माझेच आहेत, जसेच्या तसे. रद्दीवाल्यानं वह्या काट्यात ठेवल्या. त्याआधी काकांनी खाली वाकून काटा शून्यावर आहे की नाही ते बघितलं. सवयच ती.

त्या दिवशी मी काकांचा एक फोटो काढला होता, पेटीजवळ उभे, हातात दोन वह्या. तो मी इंटरनेटवर टाकला. वर लिहिलं, खारपाणपट्ट्याचं पाणी आता ब्लॉकचेनवर! ढिगानं शाबासकी आली. कॉलेजात सरांनी मला पुढे उभं करून बोलायला लावलं. मी वीस मिनिटं बोललो. काकांना मी बोलावलं नव्हतं, सुचलंच नाही.

पावसाळा संपता संपता एक दिवस ते जाळं वापरणाऱ्यांच्या ग्रुपवर निरोप आला की सरावाचं जाळं पुसून नव्यानं सुरू केलं आहे, सगळ्यांनी खाती पुन्हा उघडावीत. कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी नवीन काय आलं ते विचारलं. मी जेवत होतो. डाव्या हातानं आमचं ते पान उघडलं. गावांची नावं होती. एका गावावर बोट ठेवलं, काहीच नाही. दुसऱ्यावर, काहीच नाही. क्रमांक सगळे माझ्याजवळ होते, एकही गहाळ नव्हता. क्रमांकामागे काही उरलं नव्हतं.

पहिल्यांदा मला फार वाईट वाटलंच नाही, हेही सांगतो. मला वाटलं, पुन्हा चढवू. मग आठवलं की काय चढवायचं? फोन उलटापालटा केला. लॅपटॉपमधून पुसलेलं परत मिळवणारी सगळी सॉफ्टवेअर लावून पाहिली. मिळाले ते अर्धेमुर्धे, राखाडी, कशाचे ते न कळणारे तुकडे. धड राहिलेला फोटो एकच, मी इंटरनेटवर टाकलेला. त्यात काकांच्या हातात दोन वह्या आहेत आणि दोन्ही बंद आहेत.

मी काकांना सांगितलं नाही.

ते जिन्यात भेटायचे. "हाये न रे बराबर?" "हो काका." कधी म्हणायचे, "येखांद्या दिवशी दाखवजो, वाचू वाटून राहिलं." मी म्हणायचो, परीक्षा आहे काका. दोन महिने. जिन्यात त्यांचा आवाज आला की मी दार उघडायचो नाही. आई विचारायची, काका आले होते, काहून नाही गेला? मी कानात हेडफोन घालायचो.

मग मंगलाबाईंचा फोन आला.

काकांचं मूळ गाव मूर्तिजापूरहून आत. नाव लिहीत नाही, गावातल्यांना माहीत आहे. तिथल्या बुद्धविहाराजवळ वस्तीची विहीर आहे, काकांच्या आज्यानं आणि त्याच्या भावकीनं मिळून खणलेली, गावच्या विहिरीवर यांना जाता येत नव्हतं तेव्हाची. मंगलाबाई त्याच वस्तीतल्या, काकांच्या लांबच्या नात्यातल्या भाची. जोरदार बाई. ग्रामपंचायतीचं ठरलं होतं की ती विहीर बुजवायची आणि त्या जागेवर सभामंडप बांधायचा. म्हणे वापरात नाही, गाळानं भरली, पाणी तसंही खारंच. नळाचं पाणी गावाला आठवड्यातून एकदा यायचं. मंगलाबाईंचं म्हणणं, विहीर गोड होती, गाळ काढा, पुन्हा लागेल. पण आता विहिरीत दगड आणि प्लास्टिक, चव घेणार कशाची? सरकारी यादीत ही विहीर नव्हतीच. सचिवांनी सांगितलं, दुसरी जुनी काही नोंद असेल तर ग्रामसभेत आणा, मग बघू.

"नोंद हाये," काकांनी फोनवर सांगितलं. "माया हातची हाये. दरसाली उन्हाळ्यात घेतली. मी घेऊन येतो."

आणि जिना चढून वर माझ्याकडे आले. गुडघे दुखत असताना. "आपल्या गावाची पानं तेवढी कागदावर छापून दे."

मी म्हणालो, "सर्व्हर बंद आहे काका. चार दिवसांत सुरू होईल."

चार दिवसांनी म्हणालो, अजून दोन दिवस. ग्रामसभेच्या आदल्या दिवशी म्हणालो, मी छापून सोबतच घेतो, उद्या येतो तुमच्याबरोबर. असं का बोललो ते मला आजही कळत नाही. मला वाटत होतं काहीतरी होईल. पाऊस येईल, सभा रद्द होईल.

सकाळच्या एसटीनं मूर्तिजापूरला उतरलो. आतली बस यायची होती. स्टँडवर चहा घेतला. काकांनी हात पुढे केला, "आन, एकदा पाहू दे, आकडे तोंडपाठ करून ठेवतो."

मी सांगितलं. सगळं. पट्टी वाचली होती तेसुद्धा. रडत होतो, चहावाला बघत होता.

काकांनी पेला बाकावर ठेवला.

"कधी गेलं?"

"दोन महिने झाले."

"अन् दोन महिने मी तुले पुसून राहिलो होतो."

"हो."

ते माझ्याकडे बघत नव्हते, समोरच्या बसच्या पाटीकडे बघत होते. मला वाटलं आता थप्पड बसेल. बसली असती तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "उठ. बस लागली."

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात होती. सतरंज्या, पुढे टेबल, माईक खरखरत होता. विषय आला तसे काका उभे राहिले, शर्टाचं वरचं बटण लावलं. सचिवांनी आदरानंच विचारलं, "साहेब, नोंदी आणल्या का?"

"नाई."

"घरी आहेत?"

"नाई. घर खाली केलं तवा मी रद्दीत देल्या वह्या. मायाच हातानं."

मी तिसऱ्या रांगेत होतो. माझ्या नावाची जागा त्या वाक्यात रिकामी होती, मला दिसत होती. मी फक्त उभं राहायचं होतं. एक वाक्य बोलायचं होतं. मी सतरंजीचा धागा ओढत बसलो.

मागून कोणीतरी ओरडलं, "वाह साहेब! वह्या रद्दीत अन् भाषन गावात!" हशा पिकला.

मंगलाबाई उठल्या. "हासता काय बे दात काढून? मामा, तुमाले तोंडपाठ असन न? सांगा न अंदाजे! किती होतं पानी मे महिन्यात?"

हसणारे काकांकडे बघायला लागले. सरपंचसुद्धा पुढे वाकले. मला खात्री आहे, काकांनी एक आकडा सांगितला असता ना, कुठलाही, तर त्या दिवशी विहीर वाचली असती. ती त्यांच्या आज्याची विहीर होती. लहानपणापासून ते तिचं पाणी प्याले होते. आकडा त्यांच्या डोक्यात होता, मला माहीत आहे, कारण त्यांचे ओठ हलले.

"चव गोड होती, ते मी पेलो म्हून सांगतो," ते म्हणाले. "पानी किती होतं, ते वही नसतानी मी सांगू शकत नाई."

"अवो मामा, सांगा न!" मंगलाबाई जवळजवळ किंचाळल्या.

"अंदाज मी कदी देल्ला नाई, बाई."

ते बसले. सचिव म्हणाले, गोड होती असं तर प्रत्येक जण म्हणतो, कागद पाहिजे. हात वर झाले. विहीर बुजवायचं ठरलं.

परतीच्या बसमध्ये काका खिडकीशी बसले. बडनेरा आलं तरी ते बाहेरच बघत होते. मग मीच विचारलं, कारण राहवेना. "काका, माझं नाव का नाही घेतलं?"

"रद्दीत मीच देल्या न? खोटं का बोललो?"

अमरावती जवळ आल्यावर ते स्वतःशीच म्हणाले, "पन पुरं नाई सांगतलं. अर्धं माप सांगतलं म्हंजे खोटंच ते."

आयुष्यात एक आकडा खोटा न लिहिलेला माणूस, आणि जे एक खोटं बोलला ते माझ्यासाठी.

त्यानंतर ते माझ्याशी वाईट वागले नाहीत, तेच फार होतं. जिन्यात भेटले की "जेवला का?" विचारायचे. पण आमच्या मागच्या विहिरीवर ते पुन्हा आले नाहीत. टेप ताईच्या बाल्कनीत टांगलेला असायचा, कपड्यांच्या चिमट्यांशेजारी. एकदा आईनं सहज विचारलं, "काका, आपल्या विहिरीत किती पाणी आहे हो सध्या?" ते म्हणाले, "असन वहिनी, चार-पाच मीटर." आई हसली. मला तिथून उठून जावं लागलं.

थंडीत ते गेले. सकाळी चहा घेता घेता, खुर्चीतच.

पुण्यानुमोदनाच्या शोकसभेला गावाकडून बरेच लोक आले होते. वंदना झाली, मग एकेक जण बोलला. मंगलाबाई बोलल्या, "मामानं आमाले शिकोलं, वागोलं, पोरीईले शाळेत टाकलं. एका वह्यायचं तेवढं चुकलं त्याईचं. जाऊ द्या, मानूस होते." लोकांनी मान हलवली. ताई रडत होती. मग माईक माझ्या हातात आला आणि मी खडू, टेप, पन्नास-बावन्न असं सगळं सांगितलं. लोक हसले, डोळे पुसले. खाली बसल्यावर शेजारच्यानं पाठीवर थाप मारली, छान बोलला म्हणून. वह्यांबद्दल मी काही बोललो नव्हतो. दुसऱ्यांदा.

जेवणं झाल्यावर मंगलाबाई नळाशी हात धूत होत्या. मी जवळ गेलो आणि सांगितलं. या वेळी रडलो नाही. त्यांनी पूर्ण ऐकलं, ओले हात पदराला पुसले.

"मंग त्या दिवशी तोंडात काय होतं तुया?"

मी उघडा राहिलेला नळ बंद केला.

"अन् आता मले एकटीले कोपऱ्यात गाठून सांगून राहिला. मले सांगून तुयं मन हलकं होईन, मामाचं नाव कसं होईन? पुऱ्या गावात हासले त्याले. गावाले सांग न."

म्हणून मी गेलो. उन्हाळ्यातल्या ग्रामसभेला, एकटा, त्याच दोन एसट्यांनी. सभा आता नव्या सभामंडपात होती. फरशी नवी, चकचकीत, रंगाचा वास अजून गेला नव्हता. मधोमध कुठेतरी खाली ती विहीर होती, नेमकी कुठे ते मला कळेना, मी पाय जपून टाकत होतो. मी हात वर केला. सचिव म्हणाले, हा विषय यादीत नाही. मंगलाबाई पुढच्या रांगेतून म्हणाल्या, "यादीत नाई म्हूनच बोलू द्या."

मी सांगितलं. वह्या काकांनी हरवल्या नाहीत, मी हरवल्या. मी त्यांना कायमचं राहील म्हणालो, मीच रद्दीत द्यायला लावल्या, मला धोका माहीत होता, आणि त्या दिवशी मी इथेच बसलो होतो. टेस्टनेट वगैरे शब्द मी वापरलेच नाहीत. गरजच पडली नाही. मागच्या वेळी ओरडलेला माणूस कोण ते मला माहीत नाही, या वेळी कोणी ओरडलं नाही.

भिंतीला टेकून एक म्हातारे बसले होते, पांढरी टोपी, हातात काठी. त्यांनी विचारलं, "म्हंजे पोरा, आमच्या इहिरीच्या सगळ्या पानाईचे फोटो तूच काढले?"

"हो आजोबा. सगळे."

"मंग तुले तं माहीत असन. किती पानी राहे उन्हाळ्यात?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मंगलाबाईसुद्धा वळल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी उजळलं.

ते पान माझ्या हाताखालून गेलं होतं. दरवर्षीच्या उन्हाळ्याचं, काकांच्या ताठ अक्षरातलं. मी ते सरळ धरलं होतं, उजेड नीट पडतो की नाही बघितलं होतं, कोपरे कापले जाऊ नयेत म्हणून फोन मागे घेतला होता.

"माहीत नाही," मी म्हणालो. "मी वाचलं नव्हतं."

म्हाताऱ्यानं मान खाली घातली. सचिवांनी पुढचा विषय घेतला.